पाठीवर जळलेला शर्ट

लाँड्रीवाल्या मावशींना चित्रातलं काय कळतं, असं विचारणारे विचारून दमले. मावशी दमल्या नाहीत. दुकानाच्या माडीवरची खोली त्यांनी कधीचीच चित्रकारांना देऊन टाकली होती. "वर रंग सांडा, खाली साबण सांडतोच आहे," म्हणायच्या. मनात भरलेलं चित्र विकतही घ्यायच्या.

पारखायची रीत मात्र जगावेगळी. नवं चित्र आठवडाभर इस्त्रीच्या टेबलासमोरच्या खिळ्याला टांगायचं. टेबलापाशी इस्त्रीवाला लंबू. चित्र बघता बघता त्याचा हात थबकला आणि इस्त्रीखाली शर्ट जळला, की चित्र पास! शर्ट मावशी भरून द्यायच्या. गिऱ्हाईक आधी बोंबलायचं, मग तोच जळका शर्ट चारचौघांत मिरवायचं.

एकदा मावशींचा जाहीर सत्कार झाला. पाहुणे कला आणि संस्कृतीवर बोलता बोलता लोकांना झोपवून बसले. मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "कामातल्या माणसाचा हात ज्याच्यापुढे थांबतो, ते चित्र. बाकी भिंतीचे पोपडे झाकायला कॅलेंडरही चालतं." आणि खाली बसल्या.

आता चित्र आलं ते घरातूनच. मावशींचे यजमान, सगळ्यांचे काका, जन्मभर बस चालवून निवृत्त झाले आणि घरात बसून भिंतीकडे बघायला लागले. जेवायचं म्हणून जेवायचे, बोलायचं म्हणून खेकसायचे. माडीवरच्या एका चित्रकारानं हातात ब्रश दिला, तेव्हा कुठे माणूस माणसात आला. त्यांनी पहिलं चित्र काढलं: डोंगर, तळं आणि तळ्यात दोन हंस. मावशींनी ते खिळ्याला टांगलं. नवऱ्याचं म्हणून नियम बदलला नाही.

काका रोज दारातून डोकावायचे. आठवडा सरत आला तरी शर्ट आपले कोरे करकरीत. शेवटच्या दिवशी लंबू ओरडला, "मावशी, जळला!"

काका शेजाऱ्यांना सांगायला पळाले. मावशींनी शर्ट उलटा-सुलटा केला.

"लंबू, नजर चुकून जळतो तो पाठीवर, ऐन मध्यावर. हा खालच्या काठाला. पँटमध्ये खोचला की दिसायलाही नको. किती जपून जाळलास रे!"

लंबू मान खाली घालून म्हणाला, "काकांचं तोंड बघवेना, मावशी."

मावशींनी चित्र उतरवलं. घरी जाऊन काकांना जे झालं ते सांगितलं.

"एकदा डोळेझाक केली असतीस तर आभाळ कोसळणार होतं?" काका उसळले.

"नसतं कोसळलं. पण उद्या तुमचं खरंच चांगलं चित्र झालं, तर माझ्या शब्दावर तुमचा तरी विश्वास बसला असता का? आणि अहो, हंस कुठे पाहिलात तुम्ही?"

"तुझ्या माहेरी! तिथे सगळे राजहंसच!"

"माहेर राहू द्या. जन्मभर बसच्या आरशात माणसं पाहिलीत. पेंगणारी, भांडणारी, खिडकीसाठी धडपडणारी. आणि काढलंत काय, तर हंस!"

काकांनी रंगांची पेटी पलंगाखाली ढकलली. पुन्हा ते भिंतीकडे बघणं सुरू. ब्रश सुटला तर हा माणूस परत हाती लागायचा नाही, हे मावशींना कळत होतं. तरी शब्द मागे घेतला नाही. ताट वाढलं, आणि पेटीवर धूळ बसू दिली नाही.

मग एका सकाळी काका स्टूल, कागद लावलेली फळी आणि रंगांची पेटी घेऊन दुकानात हजर! टेबलासमोर बसले आणि लंबूला काढायला लागले. लंबू फोटोला उभं राहावं तसा ताठ.

"उभा काय राहतोस? इस्त्री कर. बसमध्ये माझ्यासाठी कुणी नटून बसत नव्हतं."

लंबू कामाला लागला. पण कागदावर आपलं नाक कसं उतरलंय, हे बघायला मान लांब लांब व्हायला लागली. थोड्या वेळानं वास सुटला. मावशी गल्ल्यावरून धावत आल्या.

"कुठे जळला?"

लंबूनं शर्ट वर धरला. पाठीवर, ऐन मध्यावर.

काकांनी मावशींकडे पाहिलं. आता काय बोलशील, असा चेहरा.

"हा धरायचा नाही," मावशी म्हणाल्या. "चित्र अजून खिळ्याला लागलेलं नाही. पुरं करा आधी."

आणि त्यांनी हातोडी आणून तो डुगडुगणारा खिळा ठोकून पक्का केला.