बाळंतिणीचे चालणे

माझी थोरली बहीण राणीसावरगावला शेळ्या पाळते. आमच्या घराण्यातील बहुतेक बाळंतपणे तिने काढली आहेत. माझी पत्नी हयात नाही. त्यामुळे मुलीचे दुसरे बाळंतपणही अक्काच काढणार, हे कोणाला ठरवावे लागले नाही. मी रेल्वेत गार्ड होतो. पूर्णेला निवृत्त झालो आणि तेथेच घर केले. अक्का एस.टी.ने आली, ती घोंगडी, कोळशाची शेगडी आणि ओवा-बाळंतशोपांची गाठोडी घेऊन. चहा घेण्याआधी तिने बाज अंगणात काढली, पाय लावून तिची दोरी आवळली आणि मला सांगितले,

"ह्या बारीला पोरगी बाजेवरून हालायची न्हाई."

तिच्या या निश्चयाला कारण होते. पहिल्या बाळंतपणानंतर मुलीचा डावा पाय सुजला होता. पोटरी दगडासारखी घट्ट झाली. वाताने धरले असे समजून अक्काने तेल कोमट करून पाय चोळला. सूज वाढली. चांदीची तोरडी मांसात रुतू लागली, तेव्हा सोनाराला घरी बोलावून ती कापून काढली. त्यानंतर परभणीचा दवाखाना. डॉक्टरबाईंनी सांगितले की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. चोळताना ती सुटून फुप्फुसात गेली असती, तर मुलगी आमच्या हाती लागली नसती. मुलगी वाचली. कापलेली तोरडी मी कपाटात ठेवली.

त्या आजारातून अक्काने एक अर्थ काढला: पोरगी लवकर उठली, पायात थंडी शिरली. म्हणून या वेळी बंदोबस्त अधिक कडक. शेगडी जवळ, दार बंद, पाणी तोंड ओले करण्यापुरते.

डॉक्टरबाईंचे सांगणे याच्या नेमके उलट होते. बाळंतपणात रक्त फार जाऊ नये म्हणून शरीर रक्त गोठवण्याची तयारी करून ठेवते. मूल झाले तरी ती तयारी काही आठवडे उतरत नाही. अशा वेळी बाई निजून राहिली आणि पाणी कमी प्याली, तर पायातले रक्त साकळण्याची भीती वाढते. जिला एकदा गुठळी झाली आहे, तिला ही भीती सर्वांत जास्त. म्हणून गरोदरपणापासूनच मुलीला रक्त गोठू न देणारी इंजेक्शने चालू होती. बाळंतपणानंतर सहा आठवडे रोज एक, पोटाच्या कातडीखाली, ती स्वतःच घेणार होती. शिवाय चालायचे आणि भरपूर पाणी प्यायचे.

बाळंतपण परभणीला सुखरूप झाले. नात झाली. आम्ही पूर्णेला परतलो आणि अक्काने माझ्या मुलीला बाजेवर निजवून घोंगडी पांघरली. उशाजवळचा पाण्याचा तांब्या उचलून तिने स्वयंपाकघरात नेला.

मी तो परत आणून ठेवला.

"गार्डसाहेब," अक्का म्हणाली. रागावली की ती मला याच नावाने हाक मारते. "तुमी गाड्या हाकल्या. बाळंतपणं मी काढली."

"डॉक्टरबाईंनी चालायला सांगितले आहे."

"आन् पाय सुजला की कोन बसनार उशाशी? डाक्टरीन?"

मुलीची भीती मला दिसत होती. इंजेक्शन ती बिनचूक घेत होती. परंतु आत्याच्या शब्दाबाहेर जाऊन बाजेवरून उतरण्याचे धैर्य तिला होत नव्हते. पहिल्या वेळचे दुखणे तिच्या अंगात अजून होते. पाय खाली टेकला तर तेच पुन्हा होईल, असे तिलाही वाटत असावे. दोन दिवस ती तशीच पडून राहिली. माझा शब्द अक्कापुढे टिकत नव्हता. डॉक्टरबाईंचा तर तिच्या हिशेबी नव्हताच. आवाज चढवून हे सुटणारे नव्हते, कारण अक्काला मुलीचे वाईट व्हावे असे वाटत नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का शेगडीत कोळसे घालत होती. मी तिला विचारले,

"अक्का, शेळी व्याली की तू काय करतेस?"

"काय म्हंजी?"

"पहिले काय करतेस?"

"उठिवते. गुळाचं कोमट पानी पाजते, पोटभर."

"आणि नाही उठली तर?"

"बुडाला हात घालून उभी करते. बसून ऱ्हायली की शेळी गेली म्हनून समज."

अक्काने एक कोळसा हातात धरून ठेवला होता. बाजेवर मुलगी तोंडावर पदर घेऊन हसू आवरत होती.

"माझी लेक काय शेळी हाय व्हय रं?" अक्का ओरडली.

"शेळीची तू जास्त काळजी घेतेस, एवढेच."

तिने कोळसा शेगडीत टाकला, हात झटकले आणि बराच वेळ बाळाकडे पाहत बसली. मग उठली. स्वयंपाकघरातून मोठा गडू भरून आणला आणि मुलीपुढे धरला.

"पी. समदं. आन् ऊठ. हिर्रर्र!"

मुलगी उठली. आत्याच्या खांद्यावर हात ठेवून तिने दारापर्यंत जाऊन परत येण्याचा पहिला फेरा पूर्ण केला. दुपारी अंगणापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी हाताचा आधार सुटला.

अक्का कोणतेही काम अर्धे करीत नाही. तिने शेगडी दूर नेली, दार उघडले आणि मुलीच्या मागे चालू लागली. मुलगी रेंगाळली की मागून शेळ्या हाकल्याचा आवाज येई. शेजारीण कुंपणापाशी येऊन म्हणाली, "अगं बया, ओली बाळंतीन अंगनात फिरायलीय!"

"तुजी म्हैस व्याल्यावर बाजेवर निजती का?" अक्काने विचारले. शेजारीण गेली.

खरी कसोटी पुढे होती. एके दिवशी मुलगी म्हणाली, "आत्या, डावी पोटरी दुखायलीय." अक्काचा हात सवयीने तेलाच्या बाटलीकडे गेला. बाटली तिने उचललीही. मग ती फडताळात परत ठेवली, बूच घट्ट लावून. मी पाहत होतो.

"गार्डसाहेब, रिक्षा बोलवा. चोळायचं न्हाई. परभनीला न्यायचं."

तो प्रवास लांब वाटला. अक्का बाळाला घेऊन बसली होती. डॉक्टरबाईंनी पाय तपासला, सोनोग्राफी केली. शीर मोकळी होती. पोटरीचा स्नायू आखडला होता, एवढेच. अक्काने पडद्यावर बोट ठेवून विचारले, "ह्यात गुठळी न्हाई ना?" नाही, असे उत्तर आले. "पुन्हा एकडाव बगा," ती म्हणाली. डॉक्टरबाईंनी पुन्हा पाहिले.

बाहेर आल्यावर त्यांनी मला सांगितले की न चोळता लगेच आणले, हे योग्य केले. निर्णय माझा नव्हता. तो मी अक्काच्या नावावर लावला. तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि पदर सारखा केला.

सव्वा महिन्याला विहिरीची पूजा झाली. मुलगी कळशी घेऊन पायी गेली, पायी आली. रीतीप्रमाणे बाळंतपण संपले होते. अक्काने गाठोडी बांधायला हरकत नव्हती. तिच्या शेळ्या शेजाऱ्यांच्या दावणीला होत्या. तरी ती राहिली. "सुया संपल्या न्हाईत अजून," ती म्हणाली. त्याच सुयांकडे पाहून सुरुवातीला ती तोंड फिरवीत असे.

सुया संपल्या त्या दिवशी आम्ही पुन्हा परभणीला गेलो. डॉक्टरबाईंनी दोन्ही पाय पाहिले आणि इंजेक्शने बंद केली. परतताना मी तेथल्याच एका सोनाराकडे थांबलो. कापलेली तोरडी त्याच्याकडे सांधायला दिली होती; ते मी घरात कोणाला सांगितले नव्हते. मुलीने दुकानाच्या पायरीवर बसून ती डाव्या पायात घातली. ती सैलसर बसली. उजव्या पायातली होतीच.

पूर्णेला स्टेशनबाहेर मी रिक्षाला हात केला. मुलीने तो खाली घेतला. "चालत जाऊ, आबा."

ती पुढे निघाली. मी बाळाला घेऊन मागे होतो. माझ्या मागे अक्का, धापा टाकीत.

"जरा बसू दे की गं, पोरी!"

"बसायचं न्हाई, आत्या. हिर्रर्र!"

स्टेशनपासून घरापर्यंत तिने मागे वळून पाहिले नाही. दोन्ही तोरड्यांचा आवाज सारखा येत होता.