पोटावर की गुडघ्यावर

गादीकाका गिऱ्हाइकाला कापड दाखवायच्या आधी विचारायचे, "झोपता कसे? पाठीवर, कुशीवर की पालथे?" नवी जोडपी लाजायची. म्हातारी माणसं मात्र बैठक मारून सविस्तर सांगायची. काका सगळं ऐकून घ्यायचे आणि मगच फोमला हात लावायचे. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. समुद्र दुकानापासून दोन गल्ल्यांवर, पण काकांचा त्याच्याशी संबंध एवढाच, की खाऱ्या हवेने कात्री गंजायची.

मग एक दिवस वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर आपला बॉडीबोर्ड घेऊन खाली आली. कमरेइतक्या उंचीचा, फोमचा जाड पाट. त्यावर आडवं होऊन लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत यायचं. त्याची मागची बाजू फाटली होती.

"काका, फोमच आहे ना शेवटी? बघा की जमतं का."

काकांनी तापल्या तारेने फाटका भाग कापला, नवा तुकडा डकवला, कडा घासल्या. काम इतकं बेमालूम झालं की महिनाभरात गल्लीत ओले बोर्ड घेतलेल्यांची रीघ लागली. दुरुस्तीवरून गाडी नव्या बोर्डांवर आली. काकू मागच्या खोलीत शिलाई मशीनवर गाद्यांच्या खोळी शिवायच्या, आता बोर्डांच्या पिशव्याही शिवू लागल्या.

बोर्डाच्या मागच्या टोकाला सगळे शेपूट म्हणायचे. डॉक्टरीणबाईंनी काकांना समजावलं, की खरी मेख तिथेच आहे. एक शेपूट चंद्रकोरीसारखं आत कापलेलं. त्याची दोन्ही टोकं लाटेत रुततात, उभ्या लाटेवर बोर्ड निसटत नाही, आणि एक गुडघा टेकून, एक पाऊल पुढे ठेवून जाणाऱ्याला तर तेच बरं. दुसरं वटवाघळाच्या पंखांसारखं, मधे फुगवटा असलेलं. त्यात मागे फोम जास्त उरतो, बोर्ड वर तरंगतो, मंद लाटेवरही सुळकन पळतो. पण उभ्या लाटेवर पकड सुटते. काकांना हे लगेच पटलं. गादीचंच गणित होतं, फक्त खाली पलंगाऐवजी पाणी.

गिऱ्हाईक सांगेल तसं काका कापत गेले. तक्रार कुणाची नव्हती. बसवाले येईपर्यंत.

हे गृहस्थ शहरातली बस चालवायचे. पन्नाशी उलटलेली, अंगाने भरलेले, बोलणं तोलूनमापून. "मी गुडघ्यावर जातो," ते म्हणाले. "चंद्रकोर हवी. खोल कापा." काकांनी कापली. बसवाल्यांनी बोर्ड दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि खूश होऊन गेले.

पंधरा दिवसांनी परत आले ते पडेल चेहऱ्याने. "मागून बुडतो हो. लाट पुढे निघून जाते, मी मागेच."

काकांचा पारा चढला. त्यांनी पट्टी काढली, सगळीकडून मोजलं. "मापात केसाचा फरक नाही. दाखवा कुठे चूक आहे ते."

 बसवाले बोर्ड तिथेच ठेवून गेले. मशीन थांबवून काकू म्हणाल्या, "अहो, बोर्डाचं माप घेतलंत, माणसाचं कुठे घेतलंत? गादीच्या गिऱ्हाइकाला तर आधी खोदून खोदून विचारता."

"विचारलं की! गुडघ्यावर जातो म्हणाला."

"आणि तुम्ही नुसतं ऐकलंत. बघितलंत कुठे?"

रविवारी सकाळी काकांनी दुकान बंद ठेवलं आणि समुद्रावर जाऊन वाळूत बसले. लाटा लहान होत्या, मऊ. बसवाले उसना बोर्ड घेऊन पाण्यात होते. तासाभरात ते दोनदा गुडघ्यावर बसले, दोन्ही वेळा कुशीवर कोसळले. बाकी सगळा वेळ पोटावर पडून, हनुवटी वर करून, थेट वाळूपर्यंत येत होते. येताना हसत होते. दुकानात या माणसाचे दात काकांना कधी दिसले नव्हते.

ते बाहेर आल्यावर काकांनी त्यांना शेजारी बसवलं. कसं बोलावं कळेना, म्हणून सरळच बोलले. "तुम्ही पोटावर जाता."

बसवाल्यांनी पायावरची वाळू झाडली. बराच वेळ झाडत राहिले. "लग्नाआधी गुडघ्यावरच जायचो. लोक थांबून बघायचे. मधे वीस वर्षं पाण्यात पाय नाही टाकला. तुम्ही विचारलंत तेव्हा तेच तोंडात आलं. खोटं नव्हतं हो, जुनं होतं."

 आपण तरी गिऱ्हाइकांना अजून 'एका बैठकीत दोन गाद्या भरतो' असंच सांगतो, हे काकांच्या मनात आलं. दुपारनंतर कंबर धरते, हे काकूंशिवाय कुणाला ठाऊक होतं?

"वटवाघळी शेपूट करून देतो," ते म्हणाले. "मागे फोम भरपूर. तुमचं वजन उचलून धरेल."

"म्हणजे आता पोटावरच?"

"त्यात कमीपणा कसला? माझं अख्खं दुकान आडवं पडणाऱ्यांवर चाललंय!"

बसवाले खो-खो हसले. मग म्हणाले, "तो चंद्रकोरीचा बोर्ड मोडू नका मात्र. असू दे भिंतीला."

नव्या बोर्डावर त्यांचं छान जमलं. पुढच्या रविवारी त्यांनी काकांना हाताला धरून कमरेएवढ्या पाण्यात नेलं. "लोकांची शेपटं कापता, स्वतः एकदा पडून बघा की." काका पालथे पडले, लाटेने त्यांना उचललं आणि पोटभर वाळू खाऊ घालून किनाऱ्यावर टाकलं. काकू छत्री टेकून हसत होत्या. काका उठले, नाकातलं पाणी शिंकरलं आणि परत आत गेले.

त्या दिवसापासून त्यांनी नियम केला. नवा बोर्ड हवा असेल तर दुकानातले दोन बोर्ड, एक चंद्रकोर, एक वटवाघळी, एकेक रविवार वापरून यायचं आणि मग बोलायचं. "परवा लाटेवर एक उंच पोरगी होती, तिच्याकडे आहे तसाच द्या" म्हणणाऱ्याला ते म्हणायचे, "मग तिलाच पाठवा." काही गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे गेली. काकांनी जाऊ दिली.

स्वतःसाठीही त्यांनी एक बोर्ड केला. त्याचं शेपूट अजून कापलेलं नाही. मागून सरळ, चौकोनी, फोमच्या कारखान्यातून आला तसा. लोक चेष्टा करतात. डॉक्टरीणबाई परवा म्हणाल्या, "काका, दोन पावसाळे झाले. एवढी घाई बरी नव्हे हं!"

"मी कसा जातो ते बघतोय अजून," काका म्हणाले, आणि बोर्ड काखेत मारून उतारावरून समुद्राकडे निघाले.