यीस्टशिवायच्या अळ्या

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी सहा वर्षं घाटेअळ्या पोसल्या. हरभऱ्याचे घाटे पोखरते तीच ही अळी. नवं कीटकनाशक आधी तिच्यावर तपासायचं, म्हणून ती धडधाकट लागते. त्यांच्या खाण्यासाठी हरभऱ्याचं पीठ, यीस्ट आणि थिजवायला अगर-अगर शिजवायचं, निवलं की जीवनसत्त्वं घालायची, कारण उकळत्यात ती टिकत नाहीत. खरवसासारखं थिजलं की तुकडे पाडायचे. एका कपात एकच अळी, नाहीतर एकमेकींना खातात. "माणसांपेक्षा बरां जेवतत गे ते!" माझी मालवणी आई म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी यीस्ट संपलं. साहेबांना तीनदा सांगितलं.

"पीठ आहे ना? मग चालव. किडेच आहेत यार, त्यांना काय कळतंय?"

त्यांना बरोबर कळलं. एरवी आठवड्याभरात पेरभर होणाऱ्या अळ्या तांदळाच्या दाण्याएवढ्याच राहिल्या. काही कोषापर्यंत पोचल्या, पण त्यातून चुरगळलेल्या पंखांचे पतंग निघाले.

तशातच एका कंपनीच्या औषधाची चाचणी आली. मी म्हटलं, थांबू या. साहेब म्हणाले, उरकून टाक. मग नेहमीसारखं निम्म्या अळ्यांना औषध दिलं, निम्म्यांना नुसतं पाणी. तिसऱ्या दिवशी औषधाच्या झाडून सगळ्या मेल्या.

"झकास!" साहेब म्हणाले.

मी पाण्याचा ट्रे त्यांच्या टेबलावर आपटला. त्यातल्याही निम्म्याहून जास्त मेल्या होत्या.

"या उपासमारीनं मेल्यात, सर. आपण मारल्यात."

"पाण्यातल्या मेलेल्या लिहू नकोस. सही कर."

"नाही करणार."

सही केली माझ्या शेजारी बसणारीनं. सहा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो. "मला नोकरी हवीय गं," ती म्हणाली.

"आणि मला नकोय?" मी सगळ्यांसमोर ओरडले. ती रडायला लागली. तिच्यावर ओरडणं सोपं होतं, म्हणून ओरडले. हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला आणि त्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. अळ्या उपाशी होत्या, चाचणी पुन्हा करा, असं सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"पण मॅडम, रिझल्ट तर चांगला आलाय ना?"

मी आवाज चढवला. "तुमचं औषध उद्या शेतातल्या धष्टपुष्ट अळीवर मारतील. ती हसेल तुम्हाला!"

त्यानं फोन ठेवला.

पुढे त्या औषधाचं काय झालं, मला ठाऊक नाही. आता मुलुंडच्या एका कॉलेजात शिकवते. लोक म्हणतात, सोडून दे, अळ्याच तर होत्या. हे वाक्य कानावर पडलं की माझं डोकं नव्यानं फिरतं.