चादरीशी उभा दावा

अख्ख्या सोलापुरात चादरीशी उभा दावा असलेली एकच बाई असेल, आणि त्या नेमक्या आमच्या समोर राहतात. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते. मूळच्या मंद्रूपच्या, नवरा गेला, मुलगा पुण्यात, त्यामुळे एकट्याच असतात. गल्लीत कुणी तापाने फणफणलं की घरचे मायेने त्याला जाडजूड चादरीत गुंडाळतात, घाम आला की ताप उतरेल म्हणून. मावशींना वास लागतोच. दारात चपला काढतात आणि आल्या आल्या ती चादर ओढतात. "माणूस हाय का लोणच्याची बरनी? हवा लागू दे की जरा!" मग कोमट पाण्याने अंग पुसणं, पातळ पेज आणि 'कसा आहे ताप' म्हणून डोकावणाऱ्या पाहुण्यांना हाकलणं.

मळमळीला त्यांच्याकडे चमच्याचा कायदा आहे. मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानेच प्यायचं. मी एकदा त्यांची पाठ वळताच तांब्या तोंडाला लावला आणि लगेच सगळं बाहेर काढलं. "पोट हाय ते, आड न्हाय," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा चमचा पुढे केला. चक्कर आलेल्याला तर त्या आधी आडवं करतात, मग चौकशी. मंडईत एक गृहस्थ कोथिंबिरीचा भाव ऐकून "चक्करच आली" असं म्हणाले. मावशींनी त्यांना खांद्याला धरून तिथेच झोपवलं आणि पाय कांद्याच्या पोत्यावर ठेवले. ते बिचारे "मी बरा आहे हो" म्हणत राहिले.

शेवटी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढतातच. यानं ताप जातो का, असं मी विचारलं होतं. "ताप गोळीनं जातुया. मिरच्या आईच्या जिवासाठी असत्यात," त्या म्हणाल्या. मात्र आपली हद्द त्यांना पक्की ठाऊक. "पानी ठरंना, मानूस बरळाय लागला, की माजं दुकान बंद. रिक्षा बोलवा."

गेल्या वैशाखात एका सकाळी त्यांचं दार लोटलेलंच राहिलं. मी हाका मारून आत गेलो. बाजेवर मावशी डोक्यापासून पायापर्यंत चादर घेऊन पडल्या होत्या. सोलापूरचा वैशाख आणि चादर! चादर ओढली, कपाळाला हात लावला, तर तवा.

"दवाखान्यात चला."

"मला काय धाड भरलीया?"

"पाणी ठरतंय का?"

मावशींनी बाजेखालची बादली हाताने आत ढकलली. त्यांच्याच कायद्याने दुकान बंद झालं होतं. मी रिक्षा आणली. वाटेत रिक्षावाल्याला त्यांनी "उन्हात टोपी घाल की रं" असं बजावलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

सलाइन लागलं, ताप उतरला, मावशी घरी आल्या. त्यांना पेज भरवताना मी छेडलं, "जन्मभर दुसऱ्यांच्या चादरी ओढल्या, आणि स्वतःच घेऊन बसलात?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "उठाय गेलं की घर फिरायचं. हाक माराय आवाज न्हाय. म्हटलं, चादर घेतली की कुनीतरी वढाय येतंच."

मी पेजेचा पुढचा चमचा भरला.

आता रोज सकाळी चहाच्या आधी मी समोर डोकावतो. "काय हाय?" त्या खेकसतात.

"चादर बघायला आलो."

"घडी करून ठिवलीया," म्हणतात, आणि कपाळ जरासं पुढे करतात. मी हात लावतो. कपाळ गार असतं. तरी हात लगेच काढवत नाही.