जुळ्यांची सुईण

दोन माणसांना त्याने एका टिचकीत एक करून टाकलं, आणि वर 'चला, कचरा कमी झाला' म्हणून खुर्चीला पाठ टेकली.

दवाखान्याच्या तळघरात त्याचं टेबल होतं. नाव नोंदवलेल्या प्रत्येक माणसाची एक प्रत तिथल्या कॉम्प्युटरमध्ये असे. रक्त, वजन, झोप, मनगटावरच्या पट्ट्याने मोजलेलं चालणं, सगळं तिच्यात भरायचं. मग माणूस आजारी पडायच्या आधी ती प्रत आजारी पडे आणि डॉक्टर सावध होत. तिला सगळे 'जुळा' म्हणत. दिवसभर जुळीच जन्माला घालतो म्हणून तपासणीच्या खोलीतल्या ताईने त्याचं नाव 'सुईण' ठेवलेलं. खऱ्या सुईणीला निदान बाळाचं रडणं तरी ऐकू येतं. याच्या नशिबी पंख्याची घरघर.

झालं असं, की आडनाव तेच, जन्मतारीख तीच, घर तेच, नावाचं पहिलं अक्षरही तेच. दिवसभर स्क्रीन पाहून त्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालेलं. एकच माणूस कुणीतरी दोनदा भरलाय, असं समजून त्याने दोन प्रतींची एक केली. ही माणसं आईच्या पोटातूनच जुळी आली असतील, हे या सुईणीच्या डोक्यात आलंच नाही.

महिन्याभराने त्या दोन शिंपी भावांतला धाकटा कुबड्या टेकत त्याच्यासमोर उभा राहिला. पाय प्लास्टरमध्ये, आणि मोबाईलवर रोज भरपूर चालल्याबद्दल शाबासकी.

"तुमचं मशीन फार प्रेमळ आहे हो," तो म्हणाला. "पण चालतो तो दादा. मी पडून असतो."

याने लगेच कॉम्प्युटरकडे खुर्ची वळवली. त्याने दोघांना वेगळं केलं. धाकट्याचा जुळा ठणठणीत निघाला. थोरल्याचा स्क्रीनवर धोक्याचा लाल, हृदयाची रक्तवाहिनी आकसत चाललेली. इतके दिवस भावाच्या चांगल्या रक्ताने त्याचं दुखणं झाकून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज बोलवा. थोरला फोन उचलेना. पाप याचं, तेव्हा तंगडतोडही याचीच.

थोरल्याचं दुकान तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. थोरला कोटाला अस्तर लावत होता. तोंडात टाचण्या धरूनच त्याने सगळं ऐकलं. मला काही होत नाही, तुमच्या कॉम्प्युटरला आधी माणसं मोजायला शिकवा, असं पुटपुटून तो पुन्हा कामाला लागला. समजावून समजावून याचं तोंड दुखलं. शेवटी हा कापडाच्या ढिगावरच बसला.

"कॉम्प्युटर नाही चुकला, काका. मी चुकलो. थकलो होतो, नीट पाहिलं नाही."

थोरल्याने टाचण्या काढल्या. "मापांची अदलाबदल केलीस?"

"नाही. दोघांचं एक केलं."

"म्हणजे दोघांनाही बसणार नाही."

"हो."

"मग माझं खरं माप काय निघालं?"

"वाईट."

थोरल्याने गळ्यातली टेप खुंटीला अडकवली आणि चपला शोधू लागला.

दवाखान्यात पोचले तेव्हा ताई खांद्याला पर्स लावून कुलूप घालत होती. याने हातापाया पडून तिला थांबवलं. पुढच्या रविवारची तुझी नोंदणीची पाळी मी करतो म्हणाला. तिने काढलेला हृदयाचा आलेख पाहिल्यावर डॉक्टरांनी थोरल्याला घरी सोडलंच नाही. दुसऱ्या दिवशी रक्तवाहिनी मोकळी केली. वेळेत झालं, म्हणाले.

त्यानंतर बरेच रविवार आले. याला एकदा ताप आला, एकदा नुसतीच झोप लागली.

"सुईणबाई, माझा रविवार?" ताई जिन्यात विचारते.

"पुढचा नक्की," म्हणत तो तळघरात उतरतो.