आंबट खिचडी

खारीगावातल्या शाळेत सरोजाबाई खिचडी शिजवायला लागल्या तेव्हा त्यांचे केस काळे होते. परभणीकडून लग्न होऊन आलेल्या, नवरा ज्ञानदेव एका टॉवरवर वॉचमन. बचत गटातल्या चौघींनी शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चूल मांडली, मग गॅस आला. बारा वर्षं त्यांनी स्वतःच्या हातांनी पातेली घासली, डाळ धुतली, फोडणी दिली. पुढे जेवण बाहेरच्या एका मोठ्या स्वयंपाकघरातून टेम्पोने येऊ लागलं. चौघींपैकी एकट्या सरोजाबाई उरल्या. काम काय, तर डबे उघडायचे, आधी चाखायचं, मग वाढायचं. पोरं अजूनही त्यांना खिचडीवाल्या मावशीच म्हणत.

त्या दिवशी टेम्पो तासभर उशिरा आला. उन्हात डबे तापलेले. सरोजाबाईंनी पहिलं झाकण काढलं, डावभर खिचडी वाटीत घेतली आणि घास तोंडात घातला. जिभेच्या कडेला किंचित आंबट लागलं. दुसऱ्या डब्यातलीही तशीच.

बाहेर व्हरांड्यात पोरं ताटं घेऊन रांगेत बसली होती. सरोजाबाई शिक्षिका गिरिजाबाईंकडे गेल्या. जेवण चाखून पाहिल्याची नोंद असते त्या चवीच्या वहीवर सही करायचं काम या बाईंचं. त्या बहुतेक वेळा न चाखताच सही करत, वर्ग सोडून यायला वेळ कुठे असायचा.

"बाई, जरा खाऊन बघा. मला नीट वाटत नाही."

गिरिजाबाईंनी दोन शितं खाल्ली. "मला तर ठीकच वाटतंय. टोमॅटो जास्त पडला असेल."

"टोमॅटोचा आंबटपणा वेगळा असतो."

"सरोजाताई, अडीचशे पोरं आहेत. काही सकाळपासून उपाशी आलीत. खिचडी परत पाठवली तर दुसरं काही येणार नाही."

हे सरोजाबाईंना माहीत नव्हतं का? पहिली-दुसरीतली दोन भावंडं घरून काहीच न खाता येतात, हे त्यांनाच आधी कळलं होतं. त्यांचे गुडघे दुखत होते, उभं राहवत नव्हतं. डाव उचलला असता तर अर्ध्या तासात सगळं उरकलं असतं.

"मी वाढणार नाही," त्या म्हणाल्या आणि झाकणं लावून डब्यांपाशी स्टुलावर बसल्या.

मुख्याध्यापकांनी फोन केले. पुरवठादाराचा सुपरवायझर आधी चिडला, मग नमुना तपासायला नेतो म्हणाला. शेवटी दुकानातून बिस्किटांचे पुडे आणले. प्रत्येकाच्या हातात चार बिस्किटं आली. त्या भावंडांतल्या धाकट्याने ती खाऊन पुन्हा हात पुढे केला. सरोजाबाईंनी आपल्या डब्यातली चपाती त्याला दिली, दुसऱ्यांकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी एक आई गेटवर भांडायला आली. "माझ्या पोरीला उपाशी ठेवलं तुम्ही. खराब होतं तर कोणी आजारी का नाही पडलं?" टेम्पो चालवणारा साहिलही डबे उतरवताना हळूच म्हणाला, "मावशी, तीच खिचडी दुसऱ्या शाळेत पोरांनी खाल्ली. कुणाला काय झालं नाही."

सरोजाबाईंनी डबा आत ओढून घेतला. गेल्या वर्षी तापातून उठल्यावर महिनाभर त्यांच्या तोंडाला चव नव्हती. जीभच आता धड राहिली नसेल का? तपासणीचा निकाल आला नाही. महिन्याने त्यांनी विचारलं, तर नमुना कुठे आहे हेच कुणाला सांगता आलं नाही.

एका दुपारी वाढून झाल्यावर त्या गिरिजाबाईंना म्हणाल्या, "बाई, चाखायला दुसरं कुणी ठेवा. माझा आता भरवसा नाही. वयही झालं."

गिरिजाबाई वही मिटत होत्या. "त्या दिवशी मला खरंच काही कळलं नाही, ताई. मी अंदाजाने बोलले. पोरं उपाशी राहतील, एवढंच डोक्यात होतं."

"तेच माझ्याही डोक्यात होतं."

"मग उद्यापासून मीही येते. दोघी खाऊ. एकीला जरी शंका आली, तरी वाढायचं नाही."

सरोजाबाईंनी मान हलवली. बरं वाटलं की नाही, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दमल्याच होत्या. दुसऱ्या दिवशी मटकीची उसळ आली. गिरिजाबाई खडूचे हात धुऊन वेळेवर आल्या, दोघींनी एकाच डब्यातून घास घेतला आणि सावकाश चावत राहिल्या.