लोकर नको, पाना द्या

व्हर्ना स्टॅडनिकने बत्तीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले. कॅनडातल्या मॅनिटोबाच्या त्या गव्हाच्या पट्ट्यात तिचा हात लागला नाही असा ट्रॅक्टर विरळाच. पासष्टाव्या वर्षी तिने वर्कशॉप सोडलं, दोन वर्षांत नवरा गेला, आणि रिकामं घर तिला खायला उठलं. एके दिवशी ती गावातल्या वृद्धाश्रमात जाऊन म्हणाली, "काही काम द्या. फुकट करीन."

तिथल्या व्यवस्थापिका ब्रेंडाने तिच्या अंगात स्वयंसेवकांचं पिवळं जाकीट चढवलं आणि हातात लोकरीचा गुंडा दिला. "इथल्या बायकांबरोबर विणत बसा. छान वेळ जाईल तुमचा."

"वेळ घालवायला नाही आले मी," व्हर्ना पुटपुटली. तिला विणता येतही नव्हतं. तरी दोन मंगळवार सुया हातात धरून बसली.

तिसऱ्या मंगळवारी तिला ओरेस्ट लाझारुक दिसला. शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा. आता चाकांच्या खुर्चीत होता आणि मनगटाला प्लास्टर.

"काय रे, या वयात मारामारी?"

"खुर्चीशी. ब्रेक लागत नाही हिचा. उठायला गेलो आणि ही मागे पळाली."

"सांगितलं नाहीस कुणाला?"

"सप्टेंबरात सांगितलं." बाहेर फेब्रुवारीचं बर्फ कमरेएवढं साचलं होतं.

व्हर्ना वाकली. एक नट सैल झाला होता, बस. मग तिने सगळ्या हॉलभर नजर फिरवली. एकीच्या खुर्चीची पाय ठेवायची पट्टी दोरीने बांधलेली, एकाच्या चाकात केसांचा गुंता. तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती तडक ब्रेंडाकडे गेली.

"तंत्रज्ञ एप्रिलात येईल," ब्रेंडा म्हणाली. "तोवर कुणी हात लावायचा नाही. विम्याचा नियम आहे."

"त्याचा हात मोडला तो नियमात बसला?"

"आवाज खाली करा. लोक जेवताहेत."

"जेवू देत. ऐकूही देत! बहिरे नाहीत ते सगळे."

ती गाडीतून हत्यारांची पेटी घेऊन आली आणि सगळ्यांसमक्ष चार मिनिटांत ओरेस्टचा ब्रेक घट्ट केला. दुसऱ्या दिवशी पत्र आलं: यापुढे आश्रमात पाऊल टाकू नये. तरुणपणी शेतकरी तोंडावर म्हणायचे, 'बाईच्या हातचं यंत्र नको.' तेव्हाही ती इतकी पेटली नव्हती. ते निदान तिच्यापुरतं होतं.

दोन दिवसांनी ओरेस्टच्या मुलीचा, लिडाचा फोन आला. "खुर्च्या आमच्या आहेत, मावशी. आम्ही विकत घेतल्यात. बाहेर आणल्या तर?"

"आण. बघू कोण अडवतं!"

आश्रमासमोरच्या चर्चचं तळघर पाद्रीबुवांनी उघडून दिलं. पहिल्या मंगळवारी दोन खुर्च्या आल्या. ईस्टरपर्यंत लेकी-सुना म्हाताऱ्यांना घोंगड्यांत गुंडाळून रस्ता ओलांडू लागल्या. व्हर्ना जमिनीवर पसरून बेअरिंग पुसायची आणि अखंड शिव्या द्यायची. खसखशीचा केक घेऊन आलेली एक बाई म्हणाली, "सेवेने मनाला शांती मिळते, नाही?"

"शांती कसली डोंबलाची! चार मिनिटांच्या कामासाठी माणसाने पाच महिने थांबायचं? माझं रक्त उकळतंय, म्हणून येते मी."

मे महिन्यात गावच्या वर्तमानपत्राचा माणूस आला. त्याच्यामागे ब्रेंडाही, केस नीट विंचरून. "आमच्या स्वयंसेविकेबरोबर एक फोटो?"

"आधी पत्र मागे घ्या."

"ते वरून ठरतं हो, व्हर्नाबाई."

"मग वर जाऊन काढा फोटो!"

ओरेस्ट जूनमध्ये गेला. आश्रमात त्याच्या स्मरणार्थ चहापान होतं. सगळं गाव आत गेलं, व्हर्नाला दारातच थांबवलं. लिडा धावत बाहेर आली, पण व्हर्ना तोवर रस्ता ओलांडून तळघरात शिरली होती. तिने पेटी उघडली, पुढची खुर्ची उलटी केली आणि गंजलेल्या बोल्टवर हातोडा असा घातला, की रस्त्यापलीकडे आश्रमात चहाला बसलेले लोक दचकले.